फरशीची पाठ

आमच्या दुकानात देव पत्र्याचे होते. भिंतीला ओळीनं खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळ्याला जस्ताच्या पत्र्याचा एकेक साचा टांगलेला. ॐ, स्वस्तिक, क्रूस, चांद-तारा, धम्मचक्र, जैनांचा उघडा पंजा, शिखांचा खंडा. वारा आला की सगळे एकमेकांवर आपटून खडखडायचे आणि आई म्हणायची, लागले भांडायला. वडील पंचवटीतल्या त्या गाळ्यात संगमरवरी पाट्या कोरायचे. देवळांतल्या देणगीदारांच्या पाट्या, विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांच्या बंगल्यांची नावं, घोटीच्या एखाद्या भातगिरणीच्या उद्घाटनाचा दगड आणि मेलेल्या माणसांच्या फरश्या. या शेवटच्या कामावर आमचं घर चालायचं. जिवंत माणूस पाटीचं काम पुढं ढकलतो, मेलेल्याच्या घरच्यांना घाई असते.

साचा फरशीवर ठेवायचा, ओल्या गेरूचं फडकं त्यावरून फिरवायचं, साचा उचलला की खूण उमटायची. मग टाकी आणि हातोडी. वडील कोरायचे आणि कोरलेल्या खाचांत आम्ही बहिणी रंग भरायचो, आधी ताई आणि नंतर मी. बारावीनंतर मी दुकानातच बसले. पुढं शिकवायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि मीही भांडले नाही. आयुष्यात भांडायचं राहून गेलेलं तेवढं एकच भांडण, बाकी कसर मी भरून काढली आहे.

वडिलांना एक खोड होती. गिऱ्हाईक आपली खूण सांगून मोकळं व्हायचं, पण वडील त्याला स्टुलावर बसवून विचारायचे, "ह्याचा अर्थ काय हो?" लोक आधी गोंधळायचे, मग खुलायचे. एका जैन कापडवाल्यांनी सांगितलं होतं की स्वस्तिकाच्या चार भुजा म्हणजे जिवाच्या चार गती: देव, माणूस, पशुपक्षी आणि नरक. वर तीन ठिपके, त्यांच्यावर चंद्रकोर आणि कोरीतला एकटा ठिपका म्हणजे या फेऱ्यातून सुटलेला जीव. चंद्रकोर यांच्यातही आहे याचं वडिलांना इतकं नवल वाटलं की त्यांनी ते जुन्या नाशकातल्या एका मुस्लीम म्हाताऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चाँद हमारे यहाँ पूजा की चीज नहीं, बस रिवाज आहे. नसला तरी चालेल. नाम बरोबर निकालो." बौद्ध गिऱ्हाइकांनी चक्राच्या आठ आऱ्यांचे आठ मार्ग बोटांवर मोजून सांगितले. एका कुटुंबाला छोट्याशा फरशीवर चोवीस आऱ्या हव्या होत्या, तेव्हा वडील दिवसभर पुटपुटत होते, पण कोरल्या सगळ्या.

क्रुसाचं त्यांना सर्वांत जास्त कोडं होतं. एका पाळकांनी सांगितलं होतं, काहींच्या क्रुसावर देह असतो, आमचा रिकामा, कारण तो उठला. वडील म्हणाले, "म्हणजे जिथं त्याला मारलं तीच खूण तुम्ही डोक्यावर घेतली?" पाळक हो म्हणाले. वडिलांनी हातोडी खाली ठेवली आणि बराच वेळ त्या साच्याकडं बघत बसले. मग पुढं येणाऱ्या प्रत्येकाला ते हे रंगवून सांगायचे आणि चहा गार होऊन जायचा.

या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दगड खोडता येत नाही. नाव चुकलं, ॐचा चंद्र राहिला, अक्षराचा टवका उडाला, की फरशी फुकट. पण संगमरवर फेकून देणं परवडत नाही. म्हणून फरशी उलटायची, पाठ घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी काम करायचं. चूक खाली जाते, चुन्या-सिमेंटात गाडली जाते. "पाठ कोण बघतंय," वडील म्हणायचे. सगळे पाथरवट हेच करतात. नाशकातल्या कितीतरी भिंतींत आणि कबरींवर आमच्या चुका आजही तोंड खाली करून पडल्या आहेत. एका मुस्लीम बाईंच्या फरशीच्या पाठीवर अर्धवट "श्री" आहे आणि एका देणगीदाराच्या पाटीमागं चुकलेलं चक्र. वडील हसून म्हणायचे, "वरून काय भांडायचं ते भांडा, खाली समदे शेजारीच हाय."

दाजी आमच्या घरात आले ते या अर्थ विचारायच्या खोडीपायी. ते एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करायचे. त्यांचे वडील वारले तेव्हा ते फरशी करायला आमच्याकडं आले. वडिलांनी त्यांना स्टुलावर बसवलं, अर्थ विचारला, चहा पाजला. समोर ताई रंग भरत बसलेली. दाजी नावाचं शुद्धलेखन बघायला पुन्हा आले, मग रंग वाळला का बघायला आले, मग बघायला काही उरलं नाही तरी येत राहिले. वर्षभरानं ताईनं बाप्तिस्मा घेतला आणि चर्चमध्ये लग्न केलं.

वडील ओरडले नाहीत. त्यांनी तिचं ब्रश ठेवायचं डबडं उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून तू." मीच ओरडले. "शेकड्यानं क्रूस कोरलेत तुम्ही, घरात एक आला तर काय बिघडलं?"

"कोरलेत म्हणूनच सांगतो. लोकांच्या खुणा दुकानात. घरात नाय."

या उत्तराचा मला आजही राग येतो. सगळ्या धर्मांचे अर्थ तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या मुलीच्या दारात पाऊल टाकेना. आई भाजीबाजाराच्या नावाखाली जाऊन तिला भेटायची, बाळंतपणालाही अशीच चोरून गेली. ताईला मुलगी झाली. वडिलांना ते ठाऊक होतं, कारण त्या दिवशी आईनं भाजी आणलीच नव्हती.

भाची चालू-बोलू लागली आणि ताईला कावीळ झाली. आठवड्यात सगळं आटपलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिला पेटीत ठेवलं होतं, पांढऱ्या साडीत, कपाळ मोकळं. आईनं पिशवीत सगळं नेलं होतं: हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदीकुंकवाचा करंडा. आमच्यात नवऱ्याच्या आधी बाई गेली तर तिला नवरीसारखी सजवून, ओटी भरून पाठवतात. त्यात आईचा शेवटचा हक्क असतो. आई पेटीपाशी बसून म्हणाली, "सवाष्ण गेली माझी लेक. ओटी भरते अन् बाजूला होते."

दाजींच्या आईनं तिचा हात धरला. बाई वाईट नव्हती, रडून तिचेही डोळे सुजले होते. "विहीणबाई, आमच्यात हे नाही. ती आता प्रभूची आहे. तुम्ही हवं तेवढं रडा, पण हे नको."

आई दाजींकडं बघत राहिली. दाजींनी मान खाली घातली. आई ती पिशवी तशीच घरी घेऊन आली आणि फळीवर ठेवून दिली. वडील दफनभूमीत भिंतीलगत उभे होते, कामाच्या कपड्यांत, अंगावर दगडाची भुकटी. सगळे मूठमूठ माती टाकत होते तेव्हा तेही पुढं झाले आणि माती टाकून माघारी फिरले. एवढ्या वर्षांत आपल्या मुलीला त्यांनी तेवढंच दिलं, असं मी त्यांना रिक्षात ऐकवलं.

महिनाभरानं दाजी फरशी सांगायला आले. दारातच उभे राहिले, आत यायचा धीर होईना. वडील म्हणाले, "फरशी दुसरीकडं करायची नाय." त्यांनी मकराण्याच्या संगमरवराचा एक डागही नसलेला तुकडा काढला. वरच्या बाजूला क्रूस कोरला, त्याच्याखाली ख्रिस्तवासी, मग तिचं नवं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. त्या फरशीवर आमच्या घरचं एक अक्षर नव्हतं. मी रंग भरला आणि घरी जाऊन रडले. मग दोन दिवस वडिलांनी मला दुकानात येऊ दिलं नाही, रंग वाळू दे म्हणाले. रंग काही तासांत वाळतो. त्याच सुमारास फळीवरची पिशवी दिसेनाशी झाली आणि आईचा करंडा रिकामा दिसला. मला वाटलं, आईनं सगळं नदीत सोडलं असेल. फरशी बसवायला वडील स्वतः गेले, हाताखाली फक्त एक गवंडी.

त्यानंतर दाजी रविवारी प्रार्थना झाली की भाचीला घेऊन दुकानात यायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. वडील सकाळपासून गाळा झाडून ठेवायचे. तिच्यासाठी एक साचा खाली उतरवायचे, तिचं बोट धरून त्याच्या कडेनं फिरवायचे आणि अर्थ सांगायचे. ती सगळ्यांना अर्थ विचारत हिंडायची, अगदी त्यांचीच नात. दिवसभर हातोडीच्या आवाजात राहिलेला माणूस रविवारी हळू आवाजात बोलायला शिकला. आई म्हणायची, ताईच आली परत. मी तिला असं बोलू देत नसे, पण मलाही तसंच वाटायचं.

एकदा तिनं सगळ्या खिळ्यांकडं बघून विचारलं, "आजोबा, यातला माझा कुठला?"

"हा." त्यांनी क्रूस दाखवला.

"आणि तुमचा?"

"ह्यो ॐ."

"मग माझ्या आईचा कुठला?"

वडिलांनी टाकी उचलली, तिची धार अंगठ्यावर बघितली, पुन्हा ठेवली. "तुझाच की," म्हणाले. पण मुलीला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

दाजींच्या घराला त्या वर्षांत दृष्ट लागल्यासारखं झालं होतं. दवाखाना बंद पडला आणि दाजींची नोकरी गेली. थोरल्या भावाचं मूल जन्मताच गेलं. मग त्यांच्या आईला कॅन्सर निघाला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा बाई म्हणाली होती, "कुणाचं काय वाईट केलं होतं आम्ही?" सिंहस्थाच्या वर्षी ती गेली. दुकानात देणगीदारांच्या पाट्यांची नुसती रीघ लागलेली. निरोप घेऊन आलेला माणूस सहज बोलून गेला, "सुनेच्या शेजारीच जागा घेतलीय, सकाळी खणायला लागले तर तिकडची माती ढासळली. फरशी कललीय. उचलून बाजूला ठेवतील."

वडिलांच्या हातून हातोडी पडली. गिऱ्हाईक तसंच सोडून ते रस्त्यावर धावले आणि रिक्षा अडवली. मी मागं धावले. वाटेत मी विचारत होते, काय झालं, एवढी घाई कसली. ते नुसते म्हणत होते, "उलटी नको करायला. उलटी नको करायला."

आम्ही पोचलो तेव्हा फरशी भिंतीला टेकवलेली होती. पाठ पुढं.

मधोमध स्वस्तिक कोरलेलं होतं. त्याच्या एका अंगाला नारळ, एका अंगाला करंडा, खाली गोल बांगड्यांची ओळ. खाचांत तेलात कालवलेलं कुंकू भरलं होतं. वर्षानुवर्षं ओल्या मातीत राहून ते ठिकठिकाणी ओघळलं होतं आणि त्याला माती चिकटली होती. करंड्याच्या जागी हळदीचा पिवळा धब्बा. वडिलांचा हात मी ओळखला. इतकं नाजूक काम त्यांनी कुठल्याच देवासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

फरशीपुढं माणसं गोळा झाली होती. दाजींची एक आत्या तोंडाला पदर लावून म्हणत होती, "करणी आहे ही. नारळ, बांगड्या, हळदकुंकू. आणखी काय पाहिजे? म्हणूनच एकेक जण जातोय."

करणी म्हणून उंबऱ्यापाशी, तिठ्यावर जे सापडतं ते हेच असतं. ओटीतही तेच घालतात. सामान एकच आहे, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"करणी नाय हो," वडील पुढं झाले. "ओटी हाय ती. माझ्या लेकीची. तिची आई भरायला आली होती, राहून गेलं. हे स्वस्तिक म्हंजे शुभ व्हावं. नारळ म्हंजे कूस. ह्या बांगड्या, ती सवाष्ण गेली म्हणून." ते एकेका खुणेवर बोट ठेवून सांगत होते, दुकानात सांगायचे तसंच. त्यांचं बोट लाल झालं आणि बघणारे आणखी मागं सरकले.

दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "चांगलं होतं तर खाली का लपवलं?"

वडिलांनी लाल झालेलं बोट सदऱ्याला पुसलं.

"बोला ना. चांगली गोष्ट होती तर उलटीकडून का?"

"वर तुमचं होतं," वडील म्हणाले.

त्याचा अर्थ तिथं फक्त मला कळला. आमच्या धंद्यात पाठीवर चुका जायच्या. त्यांनी आपल्या मुलीचा हक्क चुकांच्या जागी कोरला होता, कारण त्यांच्या वाट्याला तेवढीच जागा आली होती. पण त्या माणसांनी आईचं प्रेत घरात ठेवलं होतं आणि त्यांच्या घरातलं मूल गेलं होतं. त्यांना काय कळावं? पाळकांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. हेतू वाईट नसेल, म्हणाले. उगाच भीती घालू नका, असंही म्हणाले, तर आत्या त्यांच्यावरच खेकसली, भीती आम्ही नाही, ह्यांनी घातली. दाजी खड्ड्याकडं बघत उभे होते. ते ओटीच्या वेळी समोर होते, आईच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली होती, त्यांना सगळं ठाऊक होतं. तेव्हाही मान खाली आणि आताही मान खाली. त्या माणसाची मान मी कधीच विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी एक टेम्पो दुकानासमोर थांबला आणि हमाल फरशी उतरवून निघून गेले.

भाची रविवारी आली नाही. वडिलांनी गाळा झाडून ठेवला होता. पुढच्या रविवारीही झाडला. दाजी एकदा एकटेच येऊन गेले. "घरात सगळे घाबरलेत, मामा. थोडे दिवस जाऊ द्या." मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. वडील म्हणाले, "जाऊ दे. थोडे दिवस म्हणतायत ना." थोड्या दिवसांचं वर्ष झालं, मग आणखी एक. वडील रविवारी झाडायचं सोडत नव्हते. मी ते बघू शकत नसे, म्हणून रविवारी उशिरा जायची.

मग एका संध्याकाळी मेन रोडला ती दिसली. शाळेची पुस्तकं घ्यायला दाजींच्या त्याच आत्याबरोबर आली होती, उंच झाली होती, ताईसारखीच एक खांदा वर करून चालत होती. मी वडिलांना अडवायच्या आत ते पुढं गेले. "काय गं बाई, ओळखलंस का?"

तिनं ओळखलं. म्हणूनच ती मागं सरकली. गळ्यातला चांदीचा क्रूस तिनं मुठीत घट्ट धरला, त्या दोघांच्या मध्ये, आणि तिचे ओठ हलायला लागले. ती रागावली असती तर मला चाललं असतं, मी तिच्याशी भांडले असते. ती भ्याली होती. लहानपणी ज्यानं तिचं बोट धरून क्रुसाच्या कडा गिरवून घेतल्या, त्याच म्हाताऱ्यापासून वाचव म्हणून ती प्रार्थना करत होती. आत्यानं तिला ओढून नेलं.

वडील घरी जेवले नाहीत. सकाळी मी दुकानात गेले तर त्यांनी ती फरशी आडवी टाकली होती, पाठ वर, आणि पाणी ओतून घासायच्या दगडानं घासत बसले होते. आई दारात उभी होती. "अहो, राहू द्या ना. तेवढं एक तरी राहू द्या तिचं."

"पोरीला भ्या वाटतं," वडील म्हणाले.

खोल कोरलेलं होतं, लवकर निघेना. मी मदतीला बसले तर हात झटकला. काही दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. लाल पाणी उंबऱ्यावरून गटारात जायचं आणि येणारेजाणारे पाय उचलून पलीकडं टाकायचे. आधी बांगड्या गेल्या, मग नारळ, करंडा, शेवटी स्वस्तिक. पाठ कोरी झाली तेव्हा त्यांनी दाजींना निरोप धाडला की येऊन बघा, हात लावून बघा, काही राहिलं नाही. पोरीला दाखवा. दाजींकडून उलट निरोप आला, कबरीवर तयार ग्रॅनाइट बसवलंय, आता गरज नाही. पोरीबद्दल त्या निरोपात काही नव्हतं.

वडील त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. आमच्यात जाळतात, त्यामुळं त्यांना फरशी लागली नाही. भाची आली नाही, दाजी एकटे आले आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुकान आता मी चालवते. अक्षरं मशीनवर कापली जातात, खुणाही कॉम्प्युटरात आहेत आणि अर्थ विचारायला ना मला वेळ असतो ना गिऱ्हाइकाला. ताईची फरशी आत भिंतीला टेकवून ठेवली आहे, नाव आणि क्रूस भिंतीकडं, कोरी पाठ पुढं. खाचा सगळ्या गेल्या, पण संगमरवर तेल पितो. पुसायला पाणी मारलं की आतला तांबूस रंग वर येतो, वाळलं की जातो.

परवा एका बंगलेवाल्यानं ती नेमकी ओली असताना पाहिली. दगड आवडला त्याला, हात फिरवून बघितला. म्हणाला, "माल चांगला आहे, पण डाग आहे. कसला आहे हो?"

"कुंकवाचा," मी म्हटलं. "विकायची नाही ती."